निरंक अहवालाची किंमत

गेल्या 28 फेब्रुवारीला पोलादपूर तालुक्यातल्या एका शाळेने मला विज्ञान दिनाचा प्रमुख पाहुणा म्हणून बोलावले. बँकेतून निवृत्त झालेल्या आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाचा विज्ञानाशी काय संबंध, असे मी मुख्याध्यापकांना विचारलेही. ते म्हणाले, "तुम्ही महाडचे, म्हणजे जवळचे. शिवाय वेळेवर येता." एवढ्या पात्रतेवर मी गेलो.

प्रदर्शनात नेहमीचे सगळे होते. खायच्या सोड्याचा ज्वालामुखी होता, सलाइनच्या नळीचे ठिबक सिंचन होते. एका कोपऱ्यात मात्र चपलांचे खोके आतून काळे रंगवून ठेवले होते आणि वर लिहिले होते, 'विश्वातले कृष्णद्रव्य'. आत काहीच नव्हते. "दिसत नाही, म्हणून काही ठेवलं नाही," असे ते करणाऱ्या मुलाने सांगितले. परीक्षकांनी त्याला बक्षीस दिले नाही. मी दिले असते.

भाषणानंतर प्रश्न विचारायला सांगितले तेव्हा नववीतली एक मुलगी उभी राहिली.

"सर, ते कृष्णद्रव्य शास्त्रज्ञ किती वर्षं शोधतायत?"

"प्रयोग लावून म्हणशील तर पस्तीस-चाळीस वर्षं झाली."

"आणि सापडलं किती?"

"अजून काही नाही."

"मग ते पगार कशाचा घेतात?"

सगळी शाळा हसली, मीही हसलो. प्रयत्न, चिकाटी वगैरे चार शब्द बोलून मी वेळ मारून नेली. मुलगी खाली बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते हे मला व्यासपीठावरून दिसत होते. परतताना एसटी सावित्रीच्या नव्या पुलावर आली, मी सवयीने खिडकीतून खाली पाहिले आणि तिला काय सांगायला हवे होते ते मला सुचले. ते उत्तर आज इथे लिहितो आहे. थोडे लांबेल, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आधी हे कृष्णद्रव्य म्हणजे काय ते बँकेच्या भाषेत सांगतो, कारण मला तीच भाषा येते. संगणक येण्यापूर्वी दिवसअखेर रोजकीर्द आणि खतावणी यांचा ताळा जमवावा लागे. तो जमला नाही की कोणी घरी जात नसे. फरकाला नऊने भाग गेला तर कुठे तरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे, हे जुने कारकून चटकन ओळखत. काही केल्या फरक सापडलाच नाही, तर ती रक्कम 'उचंत' खात्यात टाकायची. उचंत खाते म्हणजे 'पैसे आहेत खरे, पण कोणाचे ते ठाऊक नाही' अशी लेखी कबुली.

खगोलशास्त्रज्ञांचा ताळा 1933 साली चुकला. फ्रिट्झ झ्विकी यांनी अरुंधतीकेश या तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या दीर्घिकांच्या एका थव्याचे वेग मोजले. त्या इतक्या वेगाने फिरत होत्या, की दिसणाऱ्या वस्तुमानाच्या गुरुत्वाकर्षणाने त्यांना एकत्र बांधून ठेवणे शक्यच नव्हते. पुढे 1970 साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी आपली शेजारीण, देवयानी दीर्घिका, तपासली. तिच्या काठावरचे तारे आतल्या ताऱ्यांपेक्षा बरेच सावकाश फिरायला हवे होते, पण ते जवळजवळ तितक्याच वेगाने फिरत होते. म्हणजे न दिसणारे वजन कुठे तरी होते. आजच्या हिशेबाप्रमाणे विश्वात आपल्या ओळखीचे द्रव्य जेमतेम 5 टक्के आहे आणि कृष्णद्रव्य सुमारे 27 टक्के. उरलेले त्याहूनही गूढ अशा कृष्णऊर्जेच्या नावावर आहे. काही थोडे शास्त्रज्ञ म्हणतात, की नोंद राहिलेली नाही, तुमचा बेरजेचा नियमच चुकला आहे, गुरुत्वाकर्षणाचे सूत्र बदला. तेही ऐकून घ्यायला हवे. पण बहुतेकांचा कौल राहिलेली नोंद शोधण्याकडे आहे.

ही उचंत रक्कम आपल्या घरातही आहे, ही यातली गंमत. कृष्णद्रव्य दूर कुठे तरी ढीग घालून ठेवलेले नसून आपल्या आकाशगंगेत सर्वत्र पसरलेले आहे. सूर्य आपल्याला घेऊन सेकंदाला दोनशेहून अधिक किलोमीटर वेगाने त्यातून चाललेला असतो. हे वाचताना तुमच्या हातातल्या चहाच्या कपातूनही ते आरपार जात असणार. मात्र ते फार विरळ आहे. सगळ्या पृथ्वीच्या आकारमानात कोणत्याही एका क्षणी मिळून ते सुमारे अर्धा किलो भरेल, असा अंदाज आहे. वाण्याकडून आणलेल्या चहाच्या पुड्याएवढे!

आता हा अर्धा किलो मोठ्या नोटांत आहे की चिल्लरीत? सगळा शोध या प्रश्नाभोवती फिरतो. बरीच वर्षे शास्त्रज्ञांचा भर मोठ्या नोटांवर होता. कृष्णद्रव्याचा एकेक कण प्रोटॉनच्या दहापट, शंभरपट, हजारपट जड असेल असे मानून सापळे लावले गेले. अमेरिकेत साउथ डकोटातल्या एका बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, 'एलझेड' नावाचा प्रयोग आहे. त्यात दहा टन द्रवरूप झेनॉन भरून ठेवले आहे. एखादा जड कण झेनॉनच्या अणुकेंद्रावर आपटला तर क्षीण प्रकाश चमकेल आणि तो टिपता येईल, ही कल्पना. 2022 साली त्याचे पहिले निष्कर्ष आले, 2024 साली आणखी बारीक तपासणीचे आले. दोन्ही वेळा कृष्णद्रव्य आढळले नाही.

मग विचार आला, की चिल्लरच असेल तर? कण प्रोटॉनहूनही हलके असतील तर त्यांची संख्या खूप मोठी असेल, पण एकेकाचा धक्का अगदीच किरकोळ. जात्यावर मोहरीचा दाणा आपटला तर जाते हलत नाही. तोच दाणा मोहरीच्याच दुसऱ्या दाण्यावर आपटला तर दोन्ही उडतात. झेनॉनचे अणुकेंद्र हे असे जाते आहे. हलका कण पकडायचा तर समोर हलके काही तरी हवे, हायड्रोजन, कार्बन, फ्लोरिन यांसारखे, किंवा सरळ इलेक्ट्रॉनच.

शिवाय काटाही वेगळा लागतो. आमच्या महाडच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर ट्रक तोलणारे वजनकाटे आहेत. तिथे मंगळसूत्र ठेवले तर काटा शून्यच दाखवील, म्हणून मंगळसूत्राला वजन नाही असे कोणी म्हणणार नाही. बँकेत सोनेतारण कर्जाच्या वेळी आम्ही सराफाला बोलवत असू. तो काचेच्या पेटीतला नाजूक काटा काढी, आधी पंखा बंद करायला लावी आणि मगच दागिना पारड्यात ठेवी. प्रत्येक काट्याला असा एक उंबरठा असतो. त्याच्या खालचे त्याला कळत नाही. हलक्या कृष्णद्रव्याचा शोध म्हणजे हा उंबरठा खाली, आणखी खाली आणत जाणे.

हे काम आपल्या देशातही चालू आहे. झारखंडमध्ये जादुगुडा येथे युरेनियमची खाण आहे. तिच्यात साडेपाचशे मीटर खोलीवर 2017 साली एक छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी तिथे 'इन्डेक्स' नावाचा प्रयोग मांडला. त्यातला द्रव म्हणजे फ्रिजमध्ये आणि मोटारीच्या एसीमध्ये थंडावा आणण्यासाठी वापरला गेलेला टेट्राफ्लोरोइथेन, म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि फ्लोरिन. त्याचे बारीक थेंब जेलीसारख्या पदार्थात अडकवून उकळबिंदूच्या वरच्या तापमानाला ठेवतात, तरी ते उकळत नाहीत, दबा धरून बसतात. मायक्रोवेव्हमध्ये फार तापलेले पाणी शांत दिसते आणि चमचा घातला की एकदम उसळते, त्यातलाच हा प्रकार. एखाद्या कणाचा धक्का बसला की थेंबाची वाफ होते आणि बारीकसा आवाज येतो. तो आवाज ऐकायचा.

जमिनीखाली जायचे कशासाठी, तर पंखा बंद करण्यासाठी. आकाशातून विश्वकिरणांचा मारा सतत चालू असतो. खडकात, भिंतीत, माणसाच्या अंगात, एवढेच काय, केळ्यातल्या पोटॅशियममध्येही किंचित किरणोत्सार असतो. या गलबल्यात मोहरीचा दाणा पडल्याचा आवाज कसा ऐकू येणार? म्हणून वर डोंगर हवा आणि भोवती शिशाचे चिलखत. नव्या शिशातही किरणोत्सार असतो, तो जुने होता होता विझतो. म्हणून युरोपातल्या एका प्रयोगात समुद्रतळाशी बुडालेल्या रोमन जहाजातले शिसे आणून वापरले! कॅनडात सडबरीच्या निकेलच्या खाणीत, दोन किलोमीटर खोल, 'सुपरसीडीएमएस' हा प्रयोग आहे. तिथे जर्मेनियम आणि सिलिकॉनचे स्फटिक निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केले जातात, म्हणजे त्यांची स्वतःची थरथरही शांत व्हावी. या कामात भुवनेश्वरच्या 'नायसर' संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी आहेत.

एवढे करून अजून तरी उत्तर 'नाही' असेच आहे. आणि इथे मला माझी एक जुनी चूक सांगावीशी वाटते.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी घाटावरच्या एका लहान शाखेत होतो. महिनाअखेर वरच्या कार्यालयाला तक्ते पाठवावे लागत. त्यात एक बनावट नोटांचा असे. खेड्यातल्या शाखेत बनावट नोट कुठली येणार, असे धरून मी दर महिन्याला 'निरंक' लिहीत असे. एकदा तपासनीस आले. त्यांनी तिजोरीतले एक बंडल सोडले, नोटा उजेडाला धरल्या आणि शंभराच्या दोन नोटा बाजूला काढून माझ्यासमोर ठेवल्या. ते रागावले नाहीत. एवढेच विचारले, "हे निरंक पाहून लिहिलंत की न पाहता?"

त्या प्रश्नाने मला जी लाज वाटली, ती आजही पुरते. कागदावर दोन्ही निरंक सारखेच दिसतात. पण पाहून लिहिलेले निरंक ही माहिती असते आणि न पाहता लिहिलेले निरंक ही थाप असते.

कृष्णद्रव्य शोधणारे हे पाहून निरंक लिहिणारे लोक आहेत. त्यांचा अहवाल नुसता 'सापडले नाही' असा कधीच नसतो. किती किलो द्रव्य, किती दिवस, काट्याचा उंबरठा कुठे होता, अमुक वजनाच्या वरचा आणि अमुक ताकदीने धडकणारा कण असता तर दिसला असता, तो नाही, आणि त्याखाली आमचा काटा आंधळा आहे, असे सगळे लिहिलेले असते. पुढचा माणूस मग त्या आंधळ्या जागेपासून सुरुवात करतो. 2020 साली इटलीतल्या झेनॉन प्रयोगात अगदी कमी ऊर्जेच्या काही जास्तीच्या नोंदी आढळल्या. सूर्याकडून येणारे ॲक्सिऑन नावाचे अतिहलके कण तर नव्हेत, म्हणून जगभर चर्चा झाली. त्या शास्त्रज्ञांनी तेव्हाच सांगितले होते, की ट्रिशियमची भेसळही असू शकेल. 2022 साली त्याच मंडळींच्या नव्या, अधिक स्वच्छ उपकरणात त्या जास्तीच्या नोंदी दिसल्या नाहीत. त्यांनी तेही तितक्याच ठळकपणे छापले.

आपल्या पुण्याच्या रोहिणी गोडबोले याच जातीच्या. हुजूरपागेत शिकलेली ही मुलगी पुढे मुंबई विद्यापीठात आणि मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाली. 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 25 ऑक्टोबर 2024 रोजी त्या गेल्या. 'न्यूट्रलिनो' नावाचा एक कल्पित कण हलका असला तर तो कृष्णद्रव्य ठरू शकेल का, या प्रश्नावर त्यांनी सहकाऱ्यांबरोबर बरीच वर्षे काम केले. जिनिव्हाच्या महाकाय यंत्रातून आणि झेनॉनच्या टाक्यांतून जसजसे निरंक अहवाल येत गेले, तसतसे त्यांनी ते एकमेकांवर ठेवून पाहिले आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत लिहिले, की या हलक्या न्यूट्रलिनोला आता फार थोडी जागा उरली आहे. आपण ज्याचा इतकी वर्षे पाठपुरावा केला, त्याच्या वाटा बंद होत आहेत हे स्वतःच्या हाताने लिहायला मन मोठे लागते. कादंबरीकार म्हणून सांगतो, आम्हाला आवडते पात्र मारताना हात थरथरतो.

आता सावित्रीच्या पुलाकडे येतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री, सावित्रीला पूर आलेला असताना, मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल कोसळला. दोन एसटी बस आणि आणखी काही वाहने अंधारात पाण्यात गेली. पुढचे कित्येक दिवस आम्ही महाडकर काठावर उभे राहून शोध पाहत होतो. नौदलाचे पाणबुडे उतरत होते, क्रेनला तीनशे किलोचे लोहचुंबक बांधून गढूळ पाण्यात सोडत होते. चुंबक रिकामे वर आले की माझ्यासारखे बघे हळहळत. शोध घेणारे मात्र तेवढा तुकडा बाद धरून पुढे सरकत. बसचे सांगाडे दिवस उलटल्यावर सापडले. जे 'इथे नाही' असे रोज सांगत होते, त्यांच्यामुळेच ते सापडले. काठावर बसलेल्या नातेवाइकांना त्या 'नाही'चा काही आधार नव्हता, हेही मी विसरलेलो नाही. माणसाचा शोध आणि कणाचा शोध एका मापाने मोजू नये.

पण दुसरी एक गोष्ट मोजायलाच हवी. पूल पडण्यापूर्वी त्याच उन्हाळ्यात त्याची पाहणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असे तेव्हा सरकारतर्फे सांगण्यात आले. म्हणजे निरंक. मी स्थापत्यशास्त्र शिकलेलो नाही आणि कोणा एका अभियंत्याकडे बोट दाखवण्याचा मला अधिकार नाही. मला फक्त माझ्या तपासनिसांचा प्रश्न आठवतो, आणि त्याला शास्त्रज्ञांचा प्रश्न जोडावासा वाटतो. कशाने पाहिले? पाण्याखाली, पायापर्यंत पाहिले का? तुमच्या काट्याचा उंबरठा कुठे होता, आणि त्याखाली काय पाहायचे राहिले? हे ज्यात लिहिलेले नाही, तो अहवाल खोटा नसेलही, पण त्याच्या भरवशावर रात्री बस सोडता येत नाही.

पाच वर्षांनी, 22 जुलै 2021 रोजी, तळियेवर दरड आली. ऐंशीहून अधिक माणसे गेली, काहींचे देह मिळालेच नाहीत. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही त्याच पावसात माणसे गाडली गेली. अशा मुलखात राहणारा कोणीही म्हणेल, की न दिसणाऱ्या कणासाठी खाणीत पैसा ओतण्यापेक्षा आमच्या डोंगरांना उपकरणे लावा. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. डोंगरांना उपकरणे लावायलाच हवीत. जमिनीला गेलेली बारीक भेग, कलू लागलेली झाडे, अचानक गढूळ झालेला झरा, ही दरडीची हलकी पावले असतात आणि ती ऐकायला खालच्या उंबरठ्याचे कान लागतात. पण एकाचे पैसे काढून दुसऱ्याला द्या, हे मला पटत नाही. ज्या देशात अत्यंत क्षीण खूण ऐकण्याची आणि 'नाही' हे पुराव्यानिशी सांगण्याची शिस्त कुठेच जोपासली जात नाही, त्या देशात ती डोंगरासाठी आणि पुलासाठी कुठून येणार? ती विकत आणता येत नाही. ती शिकलेल्या माणसांच्या हातांत असते.

आपण ती एकदा हातची घालवली आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह 1965 साली वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद केली. जगातल्या अशा अगदी पहिल्या नोंदींपैकी ती एक. पुढे तिथले प्रयोग थांबले, आणि 2001 साली खाणही बंद झाली. तामिळनाडूत थेनी जिल्ह्यात नवी भूमिगत वेधशाळा बांधायला केंद्राने 2015 साली मंजुरी दिली, पण स्थानिकांचा विरोध, जंगल-पर्यावरणाच्या परवानग्या आणि कोर्टकचेऱ्या यांत ती अडकली. विरोध करणाऱ्यांच्या शंका खोट्या होत्या असे मी म्हणत नाही, डोंगराशेजारी राहणाऱ्याला डोंगर पोखरण्याची भीती वाटणारच. एवढेच म्हणतो, की आज देशात कृष्णद्रव्यासाठी कान लावून बसलेली जागा म्हणजे जादुगुड्याची ती छोटीशी खोली.

तेव्हा पोलादपूरच्या त्या मुलीला माझे उत्तर असे. बाई ग, ते पगार निरंक लिहिण्याचाच घेतात, पण पाहून लिहिण्याचा. उद्या त्यांना काही सापडले तर तुझ्या पुस्तकात नवा धडा येईल. नाही सापडले, तरी कुठे कुठे नाही याची खात्रीची यादी तुझ्या हाती येईल, आणि शोध पुढे न्यायचा तर तुला तिथूनच सुरुवात करावी लागेल. तू मोठी होऊन खाणीत गेलीस तर आनंदच आहे. पण पूल तपासणारी अभियंता झालीस, ग्रामसेविका झालीस किंवा माझ्यासारखी बँकेत चिकटलीस, तरी कधी ना कधी एक कागद तुझ्यापुढे येईल आणि त्यावर 'निरंक' लिहून सही करायची वेळ येईल. तेव्हा आधी पंखा बंद कर, नोट उजेडाला धर, आणि जिथवर पाहिले तिथवरचेच लिही.

आणि त्या काळ्या खोक्याच्या मुलाला पुढच्या वर्षी बक्षीस द्या, असे मी मुख्याध्यापकांना कळवले आहे. फक्त खोक्यावर त्याने एक ओळ वाढवावी. आत किती बारीक पाहिले, तेही लिहावे.